मक्यातला घास

शशिकांत कावळ्याला समजावत होता आणि कावळा काही ऐकत नव्हता.

"ये नं बाप्पा. वडा आहे, खीर आहे, अळू आहे. काय राहिलं तुझं, सांग नं. जे राहिलं असंल ते मी पुरं करीन."

कुंपणाच्या खांबावरच्या कावळ्यानं त्याच्याकडे पाहिलं, तुतीखाली मांडलेल्या केळीच्या पानाकडे पाहिलं, मग मान वळवून शेजारच्या मक्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि उडून गेला.

मीनाक्षी मागे भेंडीची बादली घेऊन उभी होती. भेंडीच्या लवेनं तिचे हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाले होते आणि खाजवायला तिसरा हात नव्हता.

"शशी, चल आता. दुपार टळत आलीय. भेंडी जून झाली तर स्टोअरवाला हातसुद्धा लावणार नाही."

"यानं तरी कुठे लावला," शशिकांत म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

ओहायोत त्या वर्षी पाऊस रुसला तो रुसलाच. जुलै कोरडा गेला, ऑगस्ट कोरडा गेला, आणि सप्टेंबर आला तरी आभाळ धुतलेल्या परातीसारखं रिकामं. जमिनीला भेगा पडल्या. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याचा मका वेळेआधीच वाळून उभा राहिला होता. त्याच्या हिशेबानं ते जनावरांचं खाणं होतं, शशिकांतच्या हिशेबानं ती शेताभोवतीची भिंत होती. वारा असला की ती भिंत सळसळायची. हल्ली वारा नसतानाही कधीकधी सळसळायची. हरणं असतील, म्हणून दोघंही पुढे जायची.

शशिकांत मूळचा काटोलकडचा. नागपूरला इंजिनियर झाला, पुण्यात नोकरीला लागला, तिथे मीनाक्षी भेटली, आणि मग ओहायोतल्याच डब्लिन गावात कंपनीच्या खुर्चीत बसून बसून त्याची कंबर गेली. पन्नाशीला नोकरीही गेली. दुसरा असता तर त्यानं दुसरी खुर्ची शोधली असती. यानं तासाभराच्या अंतरावर घरासकट शेत घेतलं, आईला घेऊन तिथेच राहायला गेला आणि देशी दुकानांसाठी भेंडी, कारली, दुधी, मेथी लावायला लागला. मित्र म्हणाले, यार, तू पागल झालास. मीनाक्षीनं हातमोजे घेतले. पण भेंडी हातमोज्यांनी नीट खुडता येत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं.

त्यात हा पितृपक्ष. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. सकाळी तोडणी, दुपारी स्वयंपाक, नंतर पुन्हा तोडणी. खरं तर पुण्याच्या गुरुजींनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, आईंना जाऊन वर्ष झालेलं नाही, यंदा पान ठेवायचं नसतं. शशिकांतनं ऐकलं नाही. त्याच्या मनात वेगळाच काटा होता. आई गेली ती फेब्रुवारीत. दहाव्याला पिंड ठेवला तो गुडघाभर बर्फात. कावळा सोडा, चिमणीसुद्धा फिरकली नाही. बोटं काळीनिळी होईपर्यंत तो बर्फात उभा राहिला, आणि शेवटी गुरुजींनी व्हिडिओवर सांगितलं तसा दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. शास्त्र सुटलं, माणूस अडकला. आईची कसली तरी इच्छा राहिली, हे त्याच्या डोक्यातून काही केल्या जाईना. म्हणून आता पंधरवडाभर रोज पान.

त्या संध्याकाळी तो तुतीखालून ओरडतच आला. "मिनू! शिवला! चल, बघ!"

पान लख्ख होतं. वडे नाहीत, भात नाही, खीर नाही. फक्त कारल्याची भाजी एका कडेला सारून ठेवलेली होती, एक फोडही कमी नाही. शशिकांतच्या डोळ्यांत पाणी होतं. मीनाक्षी वाकून त्या कारल्याकडे बघत राहिली.

"आईंना कारलं म्हणजे जीव की प्राण," ती म्हणाली.

"कावळ्याला नसंल आवडत."

"मग जेवलं कोण? आई की कावळा?"

शशिकांत पान उचलायला लागला. श्रद्धेला असे प्रश्न विचारलेले आवडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पान पुन्हा रिकामं झालं, कारलं पुन्हा कडेला. आणि खिरीची वाटी धुतलेली होती. धुऊन पालथी घातलेली, वर एक खडा ठेवलेला. मीनाक्षीनं उचलायला नेलेला हात मागे घेतला. आई वाटी अशीच ठेवायच्या. धुवायची, पालथी घालायची, वर काहीतरी वजन ठेवायचं. काटोलच्या अंगणातली सवय, इथल्या डिशवॉशरपुढेही सुटली नव्हती. इथे मक्याच्या कडेला पाणी नव्हतं. होती ती ठिबकची नळी, आणि तिच्याखालची माती ओली झाली होती.

मीनाक्षीनं ती वाटी घरात आणली, पण मांडणीत ठेवली नाही. खिडकीत ठेवली.

मीनाक्षीला भीती वाटायला कारण होतं, आणि ते तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. शेवटच्या वर्षात घरातलं खाणं नाहीसं व्हायला लागलं होतं. पोळ्या मोजून केल्या तरी कमी भरायच्या. गूळ संपायचा, शेंगदाणे संपायचे, ब्रेडचं पाकीट अर्धं व्हायचं. आईंच्या एप्रनच्या खिशात तूप-साखरेचे डाग सापडायचे. विचारलं तर म्हातारी नुसती हसायची. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, विसरतात, खाणं लपवून ठेवतात, काळजी करू नका. मग शशिकांतनं दुकानातून प्लास्टिकच्या कड्या आणल्या. घरात रांगतं मूल असलं की लोक कपाटांना लावतात त्या. एक खाण्याच्या कपाटाला लावली, एक फ्रिजला. आईंच्या वाकड्या बोटांना त्या उघडत नव्हत्या. आईंनी तक्रार केली नाही. ताटात वाढलेलं घेऊन त्या मागच्या पायरीवर जाऊन बसत, एकट्याच. थंडीतसुद्धा. आणि दिवसेंदिवस वाळत गेल्या. वय झालं, असं सगळे म्हणाले.

आपण तिला उपाशी ठेवलं, हे मीनाक्षीला आता रोज वाटायचं.

त्या आठवड्यात एके दिवशी उतरत्या उन्हात ती मक्याला लागून असलेल्या सरीत भेंडी तोडत होती. सप्टेंबरात भेंडी डोक्याच्या वर जाते, आत शिरलेलं माणूस बाहेरून दिसत नाही. शशिकांत दूर पॉलिहाऊसमध्ये मेथीच्या जुड्या बांधत होता. वाऱ्याचं नाव नव्हतं. मक्याचं एकेक पान स्तब्ध. आणि त्या स्तब्ध मक्यात एकच पट्टा हलला, तुतीच्या दिशेनं सरकत गेला आणि थांबला.

मग आवाज आला. बारीक, कापरा, पण सूर आईंचा.

"काऊन लाजून राहिली? खाय नं, माय."

मीनाक्षीच्या हातातून बादली पडली. भेंड्या मातीत सांडल्या. मक्यात काहीतरी झपकन मागे गेलं, पट्टा पुन्हा हलत हलत लांब गेला, आणि सगळं गप्प झालं. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि तोही दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

शशिकांतनं ऐकून घेतलं. घाबरला नाही, उलट त्याचा चेहरा मऊ झाला.

"आई दुसऱ्यांना वाढताना असंच म्हणायची," तो म्हणाला. "स्वतःसाठी नाही."

"मी ऐकलंय, शशी. मला वेड लागलेलं नाही."

"मी कुठे म्हणतो लागलं म्हणून? भूक राहिली असंल तिची. जास्त वाढत जा."

मीनाक्षी जास्त वाढत गेली. वडे दुप्पट, पुऱ्या दुप्पट. कढईपुढे उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण ती तळत राहायची. आणि पानाभोवतीच्या फुफाट्यात तिला पावलं दिसली. अनवाणी, लहानशी. आईंची पावलं लहानच होती, बाजारात त्यांच्या मापाची चप्पल मिळायची नाही. पण एक पाऊल त्याहूनही लहान होतं. ते तिनं शशिकांतला दाखवलं नाही, पायानं पुसून टाकलं.

आईंची तिथी आली त्या दिवशी तिनं ठरवलं. जे असेल ते असू दे, डोळ्यांनी बघायचं. मेलेल्या माणसाची माफी तरी मागता येईल. शशिकांतनं पानावर घास ठेवला, नमस्कार केला आणि मेथी भरायला गेला. ती भेंडीच्या सरीत शिरली आणि मातीत बसून राहिली. ऊन मानेवर भाजत होतं, मुंग्या पायावर चढत होत्या. वळणावर शाळेची पिवळी बस थांबल्याचा आवाज आला, दार उघडलं, बंद झालं, बस गेली. थोड्या वेळानं मका हलायला लागला.

मीनाक्षीनं हात जोडले.

मक्यातून दोन मुली बाहेर आल्या.

थोरली असेल नऊ-दहा वर्षांची. पाठीवर दप्तर, बाह्या कोपराच्या जरा खाली संपलेल्या, बूट हातात. शाळेतले बूट मातीनं खराब होऊ नयेत म्हणून. धाकटी तिच्या मागे, केसांचा गुंता, पुढचा दात काळा पडलेला. तिथीचं पान भरगच्च वाढलेलं होतं आणि ते बघून धाकटी बिचकली.

"काऊन लाजून राहिली?" थोरली तिला म्हणाली. अमेरिकन जिभेवर काटोलचे शब्द. "खाय नं, माय."

धाकटी बसली आणि दोन्ही हातांनी खायला लागली. थोरलीनं आधी कागदात पुऱ्या गुंडाळून दप्तरात टाकल्या, मग कारलं कडेला सारलं, मग वडा घेतला. त्या खाण्यात मुलांची हावरट मजा नव्हती. काम उरकावं तशा खात होत्या.

मीनाक्षी उठली तेव्हा तिचे गुडघे वाजले. थोरलीनं बहिणीला खसकन मागे ओढलं.

"माय म्हणालीय, घेतलं तर चालतं," ती घाईघाईनं इंग्रजीत म्हणाली. "आम्ही चोरत नाही. वाटीही धुऊन ठेवतो, तिच्यासारखी."

"कोण माय?"

"तुमच्या घरातली. म्हातारी. ती आम्हाला माय म्हणते, आम्ही तिला माय म्हणतो." मुलीनं घराच्या मागच्या पायरीकडे बोट केलं. "ती कुठाय? आम्ही किती वेळा खिडकीपाशी आलो. ती आलीच नाही. आमच्यावर रागावलीय का?"

मीनाक्षीनं पायरीकडे पाहिलं. पायरी रिकामी होती.

"आधी ती अख्खी पोळी द्यायची, साखर लावून," मुलगी सांगत होती. सांगितलं तर सुटका होईल असं वाटत असावं. "मग अर्धी द्यायला लागली, तिच्या ताटातली. मी म्हटलं, तू खा. तर ती पोटावर हात फिरवून दाखवायची, भरलंय म्हणून." ती थांबली. "तिला सांगाल का, ती कडू भाजी नको म्हणून?"

मीनाक्षी मातीत खाली बसली. अर्धी पोळी कधीपासून सुरू झाली ते तिला विचारावं लागलं नाही. आईंचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. कपाटाला कडी लागली त्या दिवसापासून त्या स्वतःच्या ताटातलं वाटून देत होत्या. वाळून गेल्या त्या वयानं नव्हे. मीनाक्षीला रडू आलं ते मोठ्यानं आलं, दाबता आलं नाही.

"ती गेली," ती म्हणाली. "थंडीत वारली."

मुलीनं पानाकडे पाहिलं. "मग हे कोण ठेवतं?"

"आम्ही. तिच्यासाठी."

"मेलेल्या माणसाचं आहे हे?" थोरलीनं हात मागे घेतला. धाकटी मात्र खातच होती. भुकेला असले भेद कळत नाहीत.

रडण्याचा आवाज ऐकून शशिकांत धावत आला. त्याला सगळं सांगायला वेळ लागला. ऐकता ऐकता तो एकदाच म्हणाला, "कडी मी लावली," आणि मग कितीतरी वेळ तुतीच्या खोडाला हात लावून उभा राहिला. मग वीस वर्षं इथल्या कायद्याच्या काठीनं चाललेला माणूस जागा झाला आणि त्यानं खिशातून फोन काढला.

"मिनू, कुणाला तरी कळवायला पाहिजे. शाळा, काउंटी, कुणीतरी असतं ना. सिस्टिम असते."

फोन बघताच थोरली पांढरी पडली. "प्लीज, डोन्ट कॉल," ती म्हणाली. तिच्या मांडीला बिलगलेली धाकटी आता रडायला लागली. मागे एकदा कुणीतरी फोन केला होता. मग एक बाई येऊन फ्रिज उघडून बघून गेली. पुन्हा आली तर दोघींना वेगवेगळ्या घरी ठेवतील असं मम्मी म्हणते. मम्मी काम करते, रोज करते, गोदामात. शाळेत दुपारचं जेवण मिळतं. संध्याकाळीच तेवढं नसतं. आणि शनिवार-रविवारी.

मीनाक्षीनं शशिकांतच्या हातातला फोन घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"आधी त्यांच्या आईला भेटू," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात होतं नव्हतं ते तिनं गरम करून मोठ्या डब्यात भरलं. चौघं मक्यातून निघाली. पुढे मुली, त्यांना वाट पाठ होती. वाळलेली पानं तोंडावर फटके मारत होती, आत हवा कोंडलेली, आणि चहूकडून आणखी कुणी बरोबर चाललंय असा आवाज. मीनाक्षीनं दोनदा मागे वळून पाहिलं. मका संपला तिथे झाडांची रांग होती आणि रांगेमागे एक पत्र्याचं चाकांवरचं घर, एका कुशीवर कललेलं. इतकी वर्षं या जोडप्यानं डब्लिनमधला एक गृहप्रवेश चुकवला नव्हता, आणि दिव्याखाली हा अंधार, हाकेच्या अंतरावर.

दारात बाई उभी होती. क्रिस्टल. तिशीच्या आतली, अंगात गोदामाचं पिवळं जाकीट, कामाला निघालेली किंवा परत आलेली. मुली अनोळखी माणसांबरोबर दिसताच तिनं आधी त्यांना हात धरून आत ओढलं.

"काय केलं त्यांनी?"

"काही नाही," मीनाक्षी म्हणाली. "आम्ही मक्याच्या पलीकडे राहतो."

"ठाऊक आहे." क्रिस्टल दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "तुमच्याकडची म्हातारी फेब्रुवारीत गेली. काळी गाडी मी बघितली. मुलींना सांगितलं नाही." तिचा आवाज खाली आला. "आणि आता रोज घरी येतात त्या पोट भरून. म्हणतात, माय परत आली, मायनं जेवू घातलं. हाताला कसला तरी वास, आम्ही कधी न खाल्लेल्या अन्नाचा. मला झोप येईना. मक्यात जाऊ नका म्हटलं, दाराला कुलूप लावलं. मग विचार केला, मेलेली बाई जेवू घालत असेल तर घालू दे. जिवंत तर कुणी घालत नाही."

शशिकांतनं टोपी काढली. मीनाक्षीनं डबा पुढे केला.

क्रिस्टलनं हात मागे बांधले. "नको. आम्ही कुणाचं फुकट घेत नाही. आज घेतलं की उद्या कुणीतरी फोन करतं."

"हे फुकट नाही," मीनाक्षी म्हणाली. ती सावकाश, शब्द शोधत बोलत होती. "हे माझ्या सासूचं जेवण आहे. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावानं कुणीतरी जेवावं लागतं. नाहीतर ते माणूस तिकडे उपाशी राहतं. आम्ही कावळ्याला बोलावत होतो. त्याच्या खूप हातापाया पडलो, तो आला नाही. तुमच्या मुली आल्या. त्या आमचं काम करतायत. उपकार त्यांचे आहेत."

आत धाकटी काहीतरी बोलली आणि थोरलीनं तिला गप्प केलं. क्रिस्टल डब्याकडे बघत होती.

"आणि हे किती दिवस चालतं तुमच्यात?" तिनं विचारलं.

सर्वपित्री अमावास्या दोन दिवसांवर आली होती. त्यानंतर पान बंद. शशिकांतनं मीनाक्षीकडे पाहिलं.

"मुली मोठ्या होईपर्यंत," मीनाक्षी म्हणाली.

क्रिस्टलनं शशिकांतकडे पाहिलं, हे खरं आहे का म्हणून.

"हो," तो म्हणाला. "आमचं शास्त्रच तसं आहे."

तिनं डबा घेतला. तो चांगलाच गरम होता, पण तिनं खाली ठेवला नाही.